पाठीवरचे मुरुम : आधी ओळख, मग औषध

चेहऱ्यावर एक पुळी उठली की घरातल्या चौघांचं लक्ष जातं आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार असतो. पाठीवर तशाच चाळीस उठल्या तरी त्या बनियनखाली, शाळेच्या शर्टाखाली, ब्लाऊजच्या पाठीखाली राहतात. मुलगा पोहायला जाणं बंद करतो, मुलगी लग्नकार्यासाठी बंद पाठीचाच ब्लाऊज शिवून घेते आणि असं का, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तरं ठरलेली असतात : अंगात उष्णता आहे, रक्त खराब झालंय, वयाचा परिणाम आहे, लग्न झालं की जातील.

प्रश्न मात्र लहान नाही. चेहऱ्यावर मुरुम असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ते छाती, पाठ किंवा खांद्यांवरही असतात. तरीही अनेक दशकं औषधांच्या चाचण्यांमध्ये पुळ्या मोजल्या गेल्या त्या प्रामुख्याने चेहऱ्यावरच्या. तिथे जे लागू पडलं, ते पाठीलाही लागू पडेल असं गृहीत धरलं गेलं. दवाखान्यातही रुग्ण चेहऱ्याबद्दल बोलतो, शर्ट काढायला लाजतो आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडूनही पाठ बघायची राहून जाते. गेल्या काही वर्षांत यात बदल होऊ लागला आहे. पाठीवर स्वतंत्रपणे तपासलेली औषधं आली आहेत आणि कोणत्या रुग्णाला काय द्यावं, याबद्दल पूर्वीपेक्षा स्पष्टता आहे. पाठीवरचे मुरुम बरे होतात आणि वण पडण्याआधीच बरे करता येतात. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अंगावर उठलंय ते मुरुमच आहेत का, हे आधी ठरवायचं. मग पाठीवर रोज करता येईल असा उपचार निवडून तो पुरेसा काळ चालू ठेवायचा.

मुरुम तयार होतो कसा

त्वचेवरच्या केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना मुलग्यांमध्ये आणि मुलींमध्येही अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, या ग्रंथी मोठ्या होतात आणि सीबम नावाचा तेलकट स्राव जास्त पाझरू लागतो. चेहरा, छातीचा मधला पट्टा, खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. तळहात-तळपायांना त्या नसतातच, म्हणून तिथे मुरुम होत नाहीत.

केसाच्या नळीच्या आतल्या अस्तरातून मृत पेशी सतत सुटत असतात. मुरुमाची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत त्या जास्त तयार होतात, एकमेकींना चिकटतात आणि सीबममध्ये मिसळून नळीचं तोंड बंद करतात. ही पहिली गाठ डोळ्यांना दिसत नाही. ती दिसण्याजोगी होईपर्यंत काही आठवडे जातात. म्हणजे आज दिसणाऱ्या पुळीची सुरुवात बरीच आधी झालेली असते आणि त्यामुळेच कोणताही उपचार आठ-दहा दिवसांत जोखता येत नाही. नळीचं तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो. तो काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे आणि हवेशी संयोग झालेल्या तेलकट द्रव्यांमुळे तो येतो.

बंद नळीत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो. 2016 पर्यंत त्याचं नाव प्रोपिऑनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस होतं. तो निरोगी त्वचेवरही राहतो, म्हणून मुरुम हा कुणाकडून लागलेला संसर्ग नव्हे आणि एकमेकांचा टॉवेल वापरल्याने तो पसरत नाही. या जिवाणूचे काही विशिष्ट प्रकार आणि शरीराकडून त्यांना मिळणारी प्रतिक्रिया यांतून दाह होतो. मग लाल पुळी, पू भरलेली पुळी किंवा खोलवर दुखणारी गाठ तयार होते. सीबम, अडकलेली नळी, जिवाणू आणि दाह या चार गोष्टींवरच सगळे उपचार बेतलेले आहेत.

पाठीचं वेगळेपण

रोगाची मूळ प्रक्रिया चेहऱ्यावर आणि पाठीवर एकच असली तरी परिस्थिती वेगळी असते. पाठीची त्वचा जाड आहे. क्षेत्रफळ मोठं आहे, त्यामुळे चेहऱ्याला महिनाभर पुरणारी ट्यूब पाठीला काही दिवसांत संपते. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही आणि मधल्या भागापर्यंत हात पोचत नाही. शिवाय पाठ दिवसभर कपड्याखाली, घामात आणि दाबाखाली असते.

हा दाब महत्त्वाचा आहे. ओ. एच. मिल्स आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी 1975 साली ‘अ‍ॅक्ने मेकॅनिका’ या नावाने घर्षण, दाब, ताण आणि कोंडलेली उष्णता यांमुळे वाढणाऱ्या मुरुमांचं वर्णन केलं. दप्तराचे किंवा लॅपटॉपच्या सॅकचे पट्टे, घट्ट ब्रेसियरची पट्टी, खेळाडूंची संरक्षक साधनं, रेक्झीनच्या खुर्चीला तासन्‌तास टेकलेली पाठ ही त्याची रोजची कारणं. खांद्यावर पट्टा येतो नेमका तिथेच पुळ्यांची रांग असेल, तर मलमाइतकंच लक्ष पट्ट्याकडे द्यावं. उष्ण-दमट हवेत हे आणखी बिघडतं. दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात लढणाऱ्या सैनिकांच्या पाठी-नितंबांवर गंभीर मुरुम उठत आणि त्यांना त्या हवामानातून हलवावं लागे, अशी नोंद आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या मे महिन्यात पाठ का बिघडते, हे यावरून कळतं.

जे मुरुम नाहीत

पाठीवरच्या उपचारांत सर्वांत मोठी गल्लत होते ती इथे. अंगावर पुळ्या आणणारे इतर आजार बरेच आहेत आणि त्यांतल्या काहींना मुरुमाचं औषध अपायकारक ठरतं.

पहिला क्रमांक मॅलासेझिया फॉलिक्युलायटिसचा. मॅलासेझिया ही त्वचेवर नेहमी असणारी, तेलावर जगणारी यीस्ट बुरशी आहे. शिबंही तिच्यामुळेच उठतात. ती केसाच्या नळीत वाढली की छाती, पाठ, खांदे आणि दंडांवर बारीक पुळ्या उठतात. ओळखायच्या खुणा तीन : सगळ्या पुळ्या जवळपास एकाच आकाराच्या, काळे-पांढरे ठिपके नाहीत आणि खाज बरीच. मुरुम दुखतो, या पुळ्या खाजतात. खरवडून काढलेल्या द्रव्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली की निदान पक्कं होतं. अशा रुग्णाला मुरुम समजून महिनोन्‌महिने प्रतिजैविकं दिली, तर बुरशीला आवर घालणारे जिवाणू मरतात आणि पुळ्या वाढतात. उपचार बुरशीविरोधी औषधांचा : केटोकोनॅझोलचा शॅम्पू अंगाला लावून धुणं आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटात घ्यायच्या गोळ्या. मुरुम आणि ही बुरशी एकाच पाठीवर एकत्रही असू शकतात. तेव्हा दोन्हींवर उपचार लागतो.

दुसरा गट नेहमीच्या ओळखीचा आहे. घामोळं घामाच्या ग्रंथी अडल्याने येतं, टोचतं आणि थंड, हवेशीर जागेत लवकर ओसरतं. केसतोड हा स्टॅफिलोकोकस जिवाणूचा संसर्ग असतो. तो झपाट्याने वाढतो आणि फार दुखतो. दंडांवरचे खरखरीत बारीक दाणे बहुधा केराटोसिस पिलारिसचे असतात. त्यात पू नसतो आणि घरात इतरांनाही ते असतात.

तिसरा आजार वेळेवर ओळखला नाही तर आयुष्य पोखरतो. काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा नितंबांवर पुन्हा पुन्हा गाठी येत असतील, त्या फुटून पू वाहत असेल आणि त्वचेखाली भुयारं तयार होत असतील, तर तो हायड्रॅडेनायटिस सप्युरेटिव्हा असू शकतो. असे रुग्ण गळू समजून वारंवार चिरा देऊन घेतात. हा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार आहे आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. वर्षभरात त्याच जागी दोन-तीनदा गाठ आली, की त्वचारोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

बाहेरून आलेली कारणं

छाती-पाठीवर अचानक, एकसारख्या लाल पुळ्यांचं पीक आलं तर नव्याने सुरू झालेल्या औषधांची यादी बघावी. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, लिथियम, फेनिटॉइन आणि मोठ्या मात्रेतलं ब-12 जीवनसत्त्व यांनी अशा पुळ्या येऊ शकतात. पण क्षयाचं किंवा फिट्सचं औषध पुळ्यांसाठी स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना सांगावं, पुळ्यांवर वेगळा उपाय करता येतो.

भारतात याहून मोठा प्रश्न लावायच्या स्टेरॉइड मलमांचा आहे. खाज, डाग, नायटा, गोरेपणा, कशासाठीही मेडिकलमधून मागून आणलेल्या मलमांत अनेकदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. सुरुवातीला लाली ओसरते, म्हणून माणूस खूश होतो. पुढे त्याच जागी पुळ्या येतात, त्वचा पातळ होते, केस उगवतात आणि मलम थांबवलं की सगळं उसळून येतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध कृतिदल स्थापन केलं आणि 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद व्हावी म्हणून नियम बदलला. तरीही ‘आधीचंच द्या’ म्हणून मलम घेण्याची सवय गेलेली नाही. पाठीवर कोणतंही मलम लावायच्या आधी त्यात काय आहे, हे वाचावं.

जिमच्या जगाचाही इथे संबंध आहे. स्नायू वाढवण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन आणि अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी छाती-पाठ-खांद्यांवर तीव्र मुरुम येतात. तिशीतल्या पुरुषाची स्वच्छ पाठ काही महिन्यांत गाठींनी भरली, तर अशी इंजेक्शनं घेतली आहेत का, हा प्रश्न संकोच न करता विचारायला हवा. व्हे प्रोटीनमुळे मुरुम वाढल्याच्या नोंदी आहेत. पुरावा मात्र मर्यादित आहे. पावडर दोन-तीन महिने थांबवून बघणं हा साधा मार्ग.

स्त्रियांमध्ये मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा छातीवर जाड केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी.

तेलाचा मुद्दा आपल्या घरांत नाजूक आहे. केसांना लावायच्या तेलकट द्रव्यांनी कपाळावर मुरुम येतात, हे 1970 साली प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी मांडलं. तेल लावलेली वेणी किंवा मोकळे केस पाठीवर रुळत असतील, तर तोच परिणाम तिथे होऊ शकतो. तेल सोडण्याची गरज नाही. न्हाण्याआधी तास-दोन तास लावून धुऊन टाकावं, रात्रभर ठेवू नये, केस वर बांधावेत आणि केस धुऊन झाल्यावर शेवटी पाठ धुवावी, म्हणजे कंडिशनरचा थर राहत नाही. पाठीला रोज खोबरेल चोळणं मात्र मुरुम असेपर्यंत थांबवावं.

खाण्याचं काय

पॅसिफिकमधल्या किटावा बेटावरच्या सुमारे 1200 रहिवाशांमध्ये एकही मुरुमाचा रुग्ण आढळला नाही, असं लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली नोंदवलं. कंद, फळं, मासे आणि नारळ हा त्यांचा आहार. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत रक्तशर्करा सावकाश वाढवणारा आहार घेतलेल्या तरुणांचे मुरुम 12 आठवड्यांत जास्त कमी झाले. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरुमांशी संबंध काही पाहणी-अभ्यासांत दिसतो. दही-पनीरबाबत तसा ठोस पुरावा नाही. याचा व्यवहारात अर्थ एवढाच : गोड पेयं, बिस्किटं, मैद्याचे पदार्थ कमी करणं फायद्याचं आहे, पण एकट्या आहाराने पाठीवरच्या गाठी जात नाहीत. वाढत्या वयाच्या मुलाचं दूध, अंडी, शेंगदाणे ‘उष्ण’ म्हणून बंद करून त्याला उपाशी ठेवू नये.

लावायची औषधं

सौम्य आणि मध्यम मुरुमांची सुरुवात बेन्झॉइल पेरॉक्साइडने करावी. ते जिवाणू मारतं आणि जिवाणूंमध्ये त्याला प्रतिरोध निर्माण होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पाठीवर जेल चोपडून कपडे घालणं अवघड, कारण ते कापडाचा रंग उडवतं. म्हणून पाठीसाठी वॉश सोयीचा. आंघोळीत लावायचा, दोन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. अशा थोड्या वेळाच्या संपर्कानेही पाठीवरच्या जिवाणूंची संख्या घटते, असं अभ्यासांत दिसलं आहे. टॉवेल आणि बनियन पांढरे वापरावेत. त्वचा फार कोरडी पडली तर एक दिवसाआड लावावा. 2024 साली अमेरिकेत या औषधाच्या काही उत्पादनांत बेन्झिन आढळल्याचा इशारा दिला गेला. तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 95 उत्पादनं तपासली आणि 2025 मध्ये सांगितलं की 90 टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झिन मुळीच नव्हतं किंवा अत्यल्प होतं. मोजकी उत्पादनं परत मागवली गेली. आपल्यासाठी यातून घ्यायचं ते हे की ट्यूब उन्हाच्या खिडकीत किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये.

दुसरा आधार रेटिनॉइडांचा. अ‍ॅडापॅलिनसारखी औषधं नळीचं तोंड अडकू देत नाहीत, म्हणून पुढचे मुरुम टाळतात. ट्रायफॅरोटिन हे या गटातलं नवं औषध चेहरा आणि धड या दोन्हींसाठी स्वतंत्रपणे तपासलं गेलं. 2420 रुग्णांच्या दोन चाचण्यांनंतर 2019 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. 12 आठवड्यांनी धडावरचे मुरुम पूर्ण किंवा जवळपास गेलेल्यांचं प्रमाण त्या चाचण्यांत अनुक्रमे 35.7 आणि 42.6 टक्के होतं. औषधाविना नुसतं मलम लावलेल्यांत 25.0 आणि 29.9 टक्के. वर्षभर चाललेल्या पुढच्या अभ्यासात, टिकून राहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशांना हे यश मिळालं. तीन महिन्यांचे आकडे माफक आहेत आणि वर्षाचे बरेच चांगले. पाठीला वेळ द्यावा लागतो याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना रेटिनॉइड वापरू नये. तेव्हा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडसारखे पर्याय डॉक्टर देतात.

क्लिंडामायसिन हे लावायचं प्रतिजैविक एकटं वापरू नये, कारण जिवाणू त्याला लवकर दाद देईनासे होतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवंच. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा वॉश सौम्य मुरुमांना थोडी मदत करतो. वजरीने किंवा काथ्याने पाठ खसाखसा घासणं, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट लावणं यांनी त्वचा सोलवटते आणि दाह वाढतो. व्यायामानंतर घामेजलेले कपडे लगेच बदलून साध्या सौम्य साबणाने अंघोळ, सैल सुती कपडे आणि धुतलेली चादर एवढी स्वच्छता पुरेशी आहे.

पोटात घ्यायची औषधं

पाठ मोठी आहे आणि तिथले मुरुम खोल असतात, म्हणून गोळ्यांची गरज चेहऱ्यापेक्षा लवकर पडते. डॉक्सिसायक्लिन हे सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रतिजैविक. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावं, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये आणि उन्हापासून जपावं. ते साधारण तीन-चार महिन्यांच्या पुढे नेऊ नये, आणि सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू ठेवावं. दरवेळी उठलं की पाच दिवसांचा कोर्स, ही पद्धत प्रतिरोध वाढवते आणि पाठ बरी करत नाही. स्त्रियांसाठी काही गर्भनिरोधक गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन हे चांगले पर्याय आहेत. ब्रिटनमधल्या 410 स्त्रियांच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनचा फायदा दिसला आणि तो 12 आठवड्यांपेक्षा 24 आठवड्यांनी अधिक ठळक होता.

गाठी किंवा वण असतील, किंवा इतर उपचार थकले असतील, तर आयसोट्रेटिनॉइन. 1982 पासून वापरात असलेलं हे औषध मुरुमाच्या चारही कारणांवर परिणाम करतं आणि अनेकांना दीर्घकाळ मुक्ती देतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वण पडत असतील किंवा मनावर मोठा ताण असेल तर असे मुरुम गंभीर समजून या औषधाचा विचार करावा. पाठीच्या रुग्णांना हे फार लागू पडतं. त्याची अट मात्र कडक आहे. गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकतं, म्हणून औषध चालू असताना आणि संपल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. यकृत आणि चरबीच्या रक्तचाचण्या कराव्या लागतात, ओठ कोरडे पडतात, उपचारात वॅक्सिंग टाळावं लागतं. नैराश्याची भीती अनेकांना वाटते. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत तसा वाढीव धोका आढळलेला नाही, तरी मनःस्थितीतला बदल घरच्यांनी लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावा. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं हा या औषधाबाबत सर्वांत धोक्याचा प्रकार.

किशोरवयीन मुलाच्या छाती-पाठीवरच्या मुरुमांना अचानक व्रण पडले, रक्त येऊ लागलं, सोबत ताप आणि सांधेदुखी असेल, तर तो अ‍ॅक्ने फुल्मिनन्स. तो दुर्मिळ आहे, पण त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. त्यात आधी पोटातून स्टेरॉइड देऊन दाह शमवावा लागतो. थेट मोठ्या मात्रेत आयसोट्रेटिनॉइन दिल्यास आजार भडकू शकतो.

डाग आणि वण

आपल्या सावळ्या त्वचेवर पुळी गेल्यावर तपकिरी डाग उरतो. तो काही महिन्यांत फिकट होतो. नवे मुरुम थांबवणं हाच त्याचा मुख्य उपचार. वण निराळे. चेहऱ्यावर बहुधा खड्डे पडतात; छातीच्या मध्यावर, खांद्यांवर आणि पाठीवर मात्र उंच, जाड, खाजणारे वण किंवा केलॉइड होण्याची शक्यता जास्त. त्यांवर ट्रायमसिनोलोनची इंजेक्शनं, सिलिकॉन पट्टी, शीतोपचार, लेझर असे उपाय आहेत, पण सगळे वेळखाऊ. केलॉइड नुसतं कापून काढलं तर ते पुन्हा, अनेकदा अधिक मोठं होतं. म्हणून पाठीवरची पुळी फोडू नये, आणि घरात कुणाला केलॉइड असेल तर मुरुमांवर उपचार लवकर व जोरात करावा. लग्नासाठी पाठ स्वच्छ हवी असेल तर तारखेच्या किमान चार महिने आधी सुरुवात करावी. शेवटच्या पंधरवड्यात कोणतंही ‘ट्रीटमेंट पॅकेज’ हे काम करू शकत नाही.

पुढे काय करायचं

सौम्य पुळ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश, घर्षण आणि तेल कमी करणं, आणि आठ ते बारा आठवडे धीर, इतकं घरी करता येतं. खाज जास्त असेल, गाठी दुखत असतील, वण उरत असतील, पाळीची तक्रार असेल किंवा तीन महिन्यांत फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं आणि पाठ दाखवावी. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवावा. जी पाठ रोज दिसत नाही तिची सुधारणा अशीच कळते.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी आलेल्या प्रत्येक मुलामुलीला ‘छाती-पाठीवर आहेत का?’ हा प्रश्न विचारला जावा, आणि मुलींना तपासताना सोबत स्त्री परिचारिका किंवा घरातली स्त्री असावी. आई-वडिलांनी ‘वयाचं आहे’ म्हणून विषय मिटवू नये. वय सरतं, मुरुमही बहुधा सरतात, पण तोवर पडलेले वण सरत नाहीत. उपचार उपलब्ध असताना ते पडू देण्याचं काहीच कारण नाही.